साडूंची न फाटणारी रेघ

परदेशातल्या कंपन्यांची भांडणं मनाला लावून घेणारा माणूस अख्ख्या सातारा-सांगलीत एकच होता, आणि ते नेमके माझे साडू होते. कराडला आयुष्यभर इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ दर रविवारी एसटीने सांगलीला, विश्रामबागेत माझ्या कॉम्प्युटर क्लासवर येत. नव्वदचं दशक सरत आलं होतं. तेव्हा वेबवरचं चित्र म्हणजे ठिपक्यांची गर्दी. मोठं केलं की कडा फाटायच्या. साडूंना तर सगळंच मोठं करून बघावं लागे. डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता आणि मिरजेच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. कितीही मोठी केली तरी न फाटणारी रेघ वेबवर आणायचे नियम लिहायला परदेशात एक समिती बसलीय, हे कळल्यापासून त्यांना दुसरं काही सुचेना. "मसुदा आदी पक्का हुतोय का माजं डोळं आदी जात्यात, बगू," असं ते हसत म्हणायचे. मला हसू यायचं नाही.

समितीपुढे आपसात भांडणाऱ्या कंपन्यांच्या गटांनी आपापले आराखडे मांडले होते. कुणाचाच जसाच्या तसा न घेता समितीने स्वतःचा लिहायला घेतला, तेव्हा साडूंनी क्लासभर पेढे वाटले. "समद्या पावण्यांचा मान ठिवला आन् लगीन आपल्या मनानं लावलं!" प्रत्येक नवा मसुदा मी छापून द्यायचा आणि ते भिंगाखाली धरून, पोरांच्या शीट तपासाव्यात तसा लाल पेन्सिलीने तपासायचे. पहिलं चित्र त्यांनी मिरजेच्या तंबोऱ्याचं लिहिलं. हो, लिहिलंच, या पद्धतीत आकडे लिहिले की रेघ उमटते. पडद्यावर तंबोरा शीर्षासन करून उभा! भोपळा वर, खुंट्या खाली. मसुद्यात उंचीचा आकडा वाढला की रेघ खाली उतरायची, आणि यांनी जन्मभर नेमकं उलटं शिकवलेलं. "आवं पावणं, ही मानसं हीर खांदायला बसल्यात व्हय?" समितीला खरमरीत ईमेल गेला. उत्तर आलं: सूचनेबद्दल आभार, दिशा बदलणार नाही. त्या आभारांवरच साडू कितीतरी दिवस खूश होते.

मग मुकाट्याने त्यांनी सगळे आकडे फिरवले. तंबोरा सरळ झाला. मी तो मोठा करत गेलो, शेवटी भोपळ्याची एकच कड पडद्यावर मावली. साडूंनी काचेवर बोट टेकून ती हळूहळू गिरवली. "कुटंच तुटली न्हाई," एवढंच म्हणाले.

मसुदा पक्का व्हायच्या आत त्यांची नजर गेली. पुढे तो पक्का झाल्याची बातमी मी कराडला जाऊन वाचून दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचायला लावली. "झालं न्हवं? मग आता पोरांस्नी दिसंल," ते म्हणाले आणि बायकोला चहा टाकायला सांगितला.