शेजारचा संसार वाचवायला गेले

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. हे सांगताना मला अजून मान वर करवत नाही.

शेजारच्या फ्लॅटमध्ये नेहा आणि अमेय राहतात. दोन वर्षांचा संसार, गोड जोडपं. पनवेलच्या आमच्या या बिल्डिंगमधली भिंत म्हणजे पुठ्ठाच समजा. एका दुपारी पलीकडून नेहाचा आवाज आला, "मी आता या घरात नाही राहू शकत." थोड्या वेळाने पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी सात वेळा. हो, मोजलं मी, खोटं कशाला बोलू? आमच्याकडे दर वेळी भांडण तरी नवं असतं!

हे म्हणाले, "तू त्यात पडू नकोस." पण पोरीचा संसार मोडतोय आणि मी काय मालिका बघत बसू?

नेहाची एक वाटी माझ्याकडे होती. रिकामी कशी परत करायची? वालाचं बिरडं भरलं आणि गेले. दार नुसतं लोटलेलं. आत नेहा बॅग घेऊन उभी, अमेय खिडकीकडे तोंड करून. मी बॅग हिसकावली, तिला सोफ्यावर बसवलं आणि सुरू झाले.

"अगं, तिसऱ्या वर्षी मीही बॅग भरली होती. माहेरच्या एसटीसाठी कळंबोलीच्या स्टॉपपर्यंत गेले होते. ह्यांना अजून पत्ता नाही. महिनाभर धड बोलला नव्हता हा माणूस. पण आलेच ना परत?"

नेहाने तोंड ओंजळीत लपवलं. खांदे गदगदत होते. वाटलं, रडतेय बिचारी.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हेडफोन लावलेली एक मुलगी पुढे आली. मागे कॅमेरा. "काकू, फार छान बोललात. पण तुम्ही कोण?"

सिनेमाचं शूटिंग चाललं होतं हो, मोडणाऱ्या लग्नावरच्या, आणि त्यातले नवरा-बायको हेच दोघं! नेहा रडत नव्हती, हसू दाबत होती.

मला हाका मारायला आलेले हे दारातच उभे होते. एवढंच म्हणाले, "कळंबोलीपर्यंत?"

घरी येऊन हे पाणी प्यायले आणि मग मला विचारलं, "बॅगेत साड्या किती होत्या?"

"तीन."

"तीनच? मग परत यायचंच होतं तुला."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण त्यांचा तो महिनाभराचा अबोला मला आठवला आणि जुनं सगळं बाहेर निघालं. त्यांचंही निघालं. आवाज चढले.

बेल वाजली. दारात नेहा. हातात तीच वाटी, घासून, शिरा भरलेली.

"काकू, जरा हळू भांडाल का? आमच्या भांडणात तुमचं रेकॉर्ड होतंय."