बियाण्याच्या ढोलीतला डबा

रविवार, १४ डिसेंबर. स्थळ: अड्याळपासून थोडं आत, माझ्या काकांचं घर. हजर: काका, काकू, पुण्याहून आलेला चुलतभाऊ, मी आणि तीन पायांवर उभा असलेला माझा कॅमेरा. गैरहजर: मला सल्ले देणारे सगळे.

कॅमेरा जुन्या स्टुडिओत असायचा तसला, लार्ज फॉरमॅट म्हणतात तो. पुढे भिंग, मागे दुधी काच, मध्ये हार्मोनियमसारखा भाता. प्रत्येक फोटोला तळहाताएवढी स्वतंत्र फिल्म लागते आणि ती होल्डर नावाच्या चपट्या पेटीत काळोखात भरावी लागते. एका होल्डरमध्ये दोन फिल्म मावतात, एक या बाजूला, एक त्या बाजूला. दुधी काचेवर चित्र उलटं दिसतं, पाय वर आणि डोकं खाली. ते नीट दिसावं म्हणून डोक्यावरून काळं कापड घ्यायचं. नागपूरच्या एका बंद होणाऱ्या स्टुडिओतून मी तो उन्हाळ्यात आणला आणि नवशिक्यांना मदत करणाऱ्या एका मोबाइल ग्रुपमध्ये सामील झाले. तिथेच खरी अडचण सुरू झाली.

पहिल्या गृहस्थांनी लिहिलं, "सुरुवातीला फार काही घेऊ नका," आणि खाली घ्यायच्या वस्तूंची यादी दिली. ती वाचायला मला स्क्रीन बराच वेळ वर सरकवावी लागली. दुसरे म्हणाले, कॅमेऱ्याची तिपाई इतकी जड घ्या की वादळातही हलणार नाही. तिसऱ्यांनी सांगितलं, इतकी हलकी घ्या की डोंगर चढता येईल. आमच्याकडे वादळ वर्षातून एखादं येतं आणि अड्याळच्या वाटेवर चढावं असं काही लागत नाही. लाकडी कॅमेरा दमट हवेत फुगतो म्हणून एकजण हळहळले. धातूचा उन्हात तापतो म्हणून दुसरे हळहळले. कॅमेरा मी आधीच घेतला होता, त्यामुळे दोघांचंही सांत्वन करता येईना.

मी कार्यालयात आवक-जावक सांभाळते, त्यामुळे कागद वाटून ठेवायची सवय आहे. सल्ल्यांचे तीन भाग केले: आता लागेल, पुढे लागेल, आणि सांगणाऱ्याला स्वतःलाच हवं आहे. तिसरा भाग सगळ्यात लवकर भरला. पहिल्या भागात जे उरलं ते बाजारात शोधलं. काच तपासायचं भिंग घड्याळ दुरुस्तीवाल्याकडे मिळालं. कॅमेरा सपाट आहे का ते बघायला गवंड्याची लेव्हल. काळ्या मखमलीऐवजी काळी जुनी शाल. उन्हापासून फिल्म वाचवायच्या खास पेटीऐवजी मासळीवाल्याकडचा थर्माकोलचा खोका आणला. तो किती घासला तरी घरातलं मांजर कॅमेऱ्याची चौकशी करत राहिलं.

हे सगळं एका फोटोसाठी चाललं होतं. दसऱ्यानंतर काकांचा फोन आला होता. "औंदाची रास शेवटची हाय. पुढच्या साली शेत ठेक्यानं देतो. गुडघे आयकत नाही आता. राशीजवळचा एक फोटू काढून दे मले. मोबाइलवरला नोको, तो सरकवला का गेला. भितीवर लावासारखा मोठा पायजे."

काकांनी आजवर माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितलेलं नव्हतं. मी तेव्हाच ठरवलं, फोटो होणार. आणि रास पुन्हा पडणार नव्हती, म्हणजे तो एकदाच होणार.

एकच वस्तू कशाने भागवावी कळेना. फिल्म भरायला पूर्ण काळोख लागतो. ग्रुपमध्ये सगळ्यांचं एकमत झालेली ही एकमेव बाब: त्यासाठी खास तंबू घ्यावाच लागेल. आदल्या संध्याकाळी पोचल्यावर मी काकूला विचारलं, घरात सगळ्यात अंधारी जागा कोणती? काकू म्हणाली, "ढोलीत जाऊन बस."

ती चेष्टा करत होती. मी मात्र शिडी मागितली. ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची उंच कणगी, आतून-बाहेरून शेणामातीनं लिंपलेली. ओसरीत बियाण्याची ढोली नव्या धानाची वाट बघत रिकामी होती. मी आत उतरले, भावानं वरून झाकण ठेवलं, त्यावर घोंगडी टाकली. हातसुद्धा दिसेना. इतका चांगला काळोख तंबूत मिळाला नसता. बाहेरून काकांचा आवाज आला, "पोरगी सरकारी नोकरीत हाय म्हणून सांगतो मी लोकायले. आता काय सांगू?"

सकाळी खळ्यावर राशीजवळ काका उभे राहिले. धुतलेलं धोतर, हातात सूप. सेकंदभर हलायचं नाही असं मी सांगितलं.

"मी नाही हालत. माशी हालून राहिली, तिले सांग."

होल्डरच्या दोन्ही बाजू वापरून दोन फोटो घेतले. होल्डर माझ्याकडे एकच. (निदान दहा घ्या, असा सल्ला होता. तो दुसऱ्या भागात होता.) दुपारी काकूचा फोटो काढायचा म्हणून मी पुन्हा ढोलीत उतरले. काकांच्या दोन्ही फिल्म काढून काळ्या खोक्यात ठेवल्या, खोका पिठाच्या स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण घट्ट लावलं, होल्डरमध्ये नवीन फिल्म भरल्या. काकूचा फोटो झाला की परत इथंच यायचं होतं, म्हणून डबा तळाशीच राहू दिला.

जेवणं झाली. काकू ओसरीच्या पायरीवर बसली आणि मी शालीखाली शिरले. काकूचे डोळे स्पष्ट करायला मला वेळ लागतो. तिच्यामागे दुधी काचेवर दोन माणसं उलटी, डोकं खाली करून, पाठीवर पोती घेऊन जात-येत होती. मी शालीतूनच ओरडले, "बाजूला व्हा ना, फोटोत येऊन राहिले तुम्ही!"

"हे शेवटचं पोतं," भाऊ म्हणाला.

शाल काढून होल्डर लावला, फोटो घेतला, मग कॅमेरा आवरण्यात गुंतले. तोवर ढोली भरली होती. वर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, दाबलेलं होतं आणि काका शेणामातीनं तोंड लिंपत होते.

"काका, माझा डबा!"

"कोणता?"

"तुमचे फोटो! तळाशी आहेत!"

काकांचा हात थांबला. मग पुन्हा फिरू लागला. "तुले काळोख पायजे होता ना? आता भरपूर हाय."

भाऊ हसून हसून पायरीवर बसला. मी म्हटलं, आत्ताच लिंपलंय, ओलं आहे, काढू या. पण आमच्या घरात लिंपलेली बियाण्याची ढोली अक्षय तृतीयेच्या आधी उघडत नाहीत. काकांचे वडील गेले तेव्हाही उघडली नव्हती, काकूच्या बाळंतपणातही नाही.

तेव्हा मला सुचलं ते मी विचारून टाकलं. "शेत ठेक्यानं देऊन राहिले ना? मग बियाणं कायले ठेवलं?"

काका हात धुवायला गेले. भाऊ हसायचा थांबला. ठेक्याचा कागद त्याच्याच बॅगेत होता, त्यासाठीच तो आला होता. संध्याकाळी त्यानं कागद पुढे केला तेव्हा काका म्हणाले, "इचा डब्बा अंदर हाय. ढोली मोकळी झाल्याबिगर शेत कसं देऊ? डब्बा निघू दे." भाऊ माझ्याकडे रागानं बघत राहिला, जणू डबा मी मुद्दाम पुरला होता.

भंडाऱ्याला माझ्या घरी परतल्यावर मी काकूची फिल्म न्हाणीघरात धुतली. काकू स्वच्छ आली. मागे पोतं घेतलेला भाऊ धुरासारखा पुसट, आणि ढोलीला हात लावून उभे असलेले काका बऱ्यापैकी स्पष्ट. तो फोटो मोठा करून पाठवला. काकांनी भिंतीवर लावू दिला नाही. "माहा तो नोहे. माहा राशीवाला हाय."

ग्रुपमध्ये विचारलं, धानाखाली फिल्म किती महिने टिकते? अर्ध्यांनी फिल्मसाठी वेगळा फ्रीज घ्यायला सांगितलं. उरलेल्यांनी तो कोणता घ्यावा यावर वाद घातला.

परवा काकांना फोन केला. अक्षय तृतीयेला येते, म्हटलं.

"ये. पण त्या दिशी मुठभरच काढतो, नेमापुरतं. खालचं पऱ्हे टाकाच्या येळेस निघन. तवा ये डब्बा न्यायले."

पऱ्हे म्हणजे रोपं. ती टाकायची वेळ जूनमध्ये, आणि रोपं टाकली की रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आलीच. भावाला हे अजून कोणी सांगितलेलं नाही. माझ्या कामांच्या यादीत "फिल्म धुवायची औषधं आणणे" या ओळीपुढे खूण झाली आहे. त्याच्या खालची ओळ, "काकांची रास धुणे", तशीच आहे.