बाईंचा जाडा स्कॅनर

शिडी विकत घ्यायची झाली तर बाई दुकानदारालाच तिच्यावर चढायला लावायच्या. "अजून वर. हां, आता हल जरा." तो हलला आणि शिडी हलली नाही, की मगच पर्स उघडायची. कुकर घ्यायला गेल्या तेव्हा घरून तूरडाळ बांधून नेली होती. "वस्तूला आधी सगळ्यात अवघड काम द्यायचं, सुनंदा. सोपं काम काय, कुणीही करतं."

नलिनीबाई हैदराबादच्या जामबागेतल्या एका शाळेत विज्ञान शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर नल्लकुंट्यात एकट्या राहायच्या आणि मी त्यांच्याकडे स्वयंपाक करायचे. माझं माहेर देगलूरकडचं. सातवीत शाळा सुटली, लग्न झालं, हैदराबादला आले. तेलुगू येईना, इथली दखनी उर्दू कळेना. कुणी दार वाजवलं तरी मी उघडायचे नाही. बाईंकडे पहिल्या दिवशी थेट कणीक मळायला घेतली, तर त्या म्हणाल्या, "नक्को, आधी बस. चहा पी." या शहरात मला कुणी 'बस' म्हटलं ते पहिल्यांदाच.

बाई गेल्या श्रावणात गेल्या. त्यांची आठवण निघाली की मला तो आबिड्सच्या बाजारातला दिवस दिसतो.

त्यांच्याकडे ट्रंकभर फोटो होते. निजामाच्या कचेरीत पागोटं घालून बसलेले आजोबा, शेरवानीतले काका, कुणाकुणाच्या मुंजी. हे सगळे कॉम्प्युटरवर घ्यायचे म्हणून स्कॅनर आणायचा होता. निघायच्या आदल्या दिवशी मला म्हणाल्या, "तुझ्याकडे एखादा फोटो आहे का गं, ज्याच्यापुढे फोटोवाल्यांनीही हात टेकलेत?"

होता. माझ्या आईचा, एकुलता एक. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. गावाकडे भिंतीला ओल येऊन तो फोटो चौकटीतल्या काचेला असा चिकटला होता, की दोन फोटोवाले म्हणाले होते, सोडवायला गेलं तर चेहरा काचेलाच राहील. वडिलांनी तो तसाच मला दिला होता. तो घराबाहेर न्यायचा म्हटल्यावर मी घाबरले. काच फुटली तर? बाईंनी चौकट उतरवली, काच आणि फोटो दोन मऊ टॉवेलांत गुंडाळले आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसल्या. खड्डा आला की गठुडं वर उचलायच्या. रिक्षावाला म्हणाला, "अंडे हैं क्या अम्मा?" बाई म्हणाल्या, "इसकी माँ है." त्यानंतर त्याने रिक्षा हळू चालवली.

दुकानदाराने आधी फोटो आत ओढून घेणारं यंत्र दाखवलं. "एक मिनट में कित्ते भी फोटो, अम्मा! डालो, हो गया."

"तुमच्या पाकिटात कुणाचा फोटो आहे?" बाईंनी दखनीत विचारलं.

"वालिद साब का है, मेरे अब्बा का."

"घाला तो आधी."

त्याने पाकिटावर हात ठेवला, फोटो ओढणाऱ्या रुळांकडे बघितलं आणि हसत यंत्र बाजूला सारलं. "हौ अम्मा, समझ गया."

मग पातळ, चपटा स्कॅनर आला. दिसायला इतका सुरेख की मला तर तोच घ्यावासा वाटला. आईची काच त्यावर पालथी ठेवली. पडद्यावर आधी एक लाल डाग उमटला, कडेच्या भेगांसकट अगदी स्वच्छ. वडील सणासुदीला काचेवर आईच्या कपाळाशी कुंकू लावायचे, ते वर्षानुवर्षं साचलेलं कुंकू होतं ते. आणि त्यामागे आई नुसती धुक्यासारखी. मी काच परत गुंडाळायला टॉवेल उचलला.

बाई मात्र खूश! त्यांनी आपलं बोट नाकाला टेकवलं. "हे बोट मला नीट दिसतं का? नाही. याचं उलटं, हा चिकटलेलंच ओळखतो. मला काचेपलीकडचं, थोडं लांबचं बघणारा पाहिजे. दिवा आणि आरसेवाला, जाडा. आहे का?"

दुकानदाराने स्टुलावर चढून सगळ्यात वरच्या फळीवरून एक अवजड खोकं काढलं. "इसकू कोई पूछताच नै, अम्मा."

आतला दिवा सरकत गेला. आधी केस आले, मग भुवया. मी बाईंचा दंड धरला. आई आली! डोळे, नथ, साडीच्या काठाची वीणसुद्धा. फक्त कपाळ लाल डागाखाली.

"पोंछ देता मैं," म्हणत दुकानदाराने फडकं उचललं आणि मी ओरडले, "नाही!" तो दचकला. वडील गावी जिवंत असताना मी आईचं कुंकू पुसायचं? सवाष्ण गेलेली बाई ती. मला रडूच आलं.

बाईंनी त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "सुनंदा, देवाला रोज आंघोळ घालतो तेव्हा गंध जातंच ना? ते पुसणं असतं का? आंघोळ घालायची आणि परत लावायचं. तुझी आई आहे, तूच घाल."

मी पदराचं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवलं. जुनं कुंकू निघायला वेळ लागला. दुकानदाराने तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाला चक्क थांबवून ठेवलं होतं.

दिवा पुन्हा सरकला. बाईंनी कपाळ मोठं करायला सांगितलं. दोन भुवयांच्या मध्ये हिरवट ठिपके. एक, खाली दोन. मग तुळशीसारखं काहीतरी.

"गोंदण आहे गं!" बाई टाळी वाजवून ओरडल्या. मला माहीतच नव्हतं. आईच्या कपाळावर गोंदण होतं हे मला माहीत नव्हतं!

मी वडिलांना फोन लावला, पण बोलता येईना. बाईंनीच तो घेतला. "नमस्कार, मी सुनंदाच्या इथली बाई बोलतेय. तुमची मंडळी काचेतून सुटून इथे आबिड्सला आमच्यासमोर बसलीय."

बाईंनी फोनचा आवाज मोठा केला. पलीकडून वडिलांचा खाकरल्यासारखा आवाज आला, "कशी हाय?"

बाई पडद्याजवळ गेल्या. चष्मा वर करून त्यांनी नीट पाहिलं. "खरं सांगू? फोटोवाल्यावर जरा रागावलेली दिसतेय."

वडील हसले. आई गेल्यापासून मी त्यांना असं मोकळं हसताना ऐकलं नव्हतं. "मग तीच," ते म्हणाले. "तीच हाय."