कोकराच्या लोकरीची घोंगडी आणि आमचं बाळ

मंडळी, तुमच्याकडं तान्ह्या बाळाला घोंगडीत गुंडाळतात का? आज आमच्या घरी त्यावरून चांगलंच वाजलं.

मुलगी बाळंतपणाला माहेरी आलीय. काल मिरजेच्या दवाखान्यातून बाळ पलूसला घरी आणलं. आज सकाळी माझ्या सासऱ्यांनी ट्रंकेतून घोंगडी काढली. स्वातंत्र्याच्या वर्षी ते जन्मले, तेव्हा त्यांच्यासाठी विणून घेतलेली.

मी सरळ नाही म्हटलं. घोंगडी टोचणारच, आणि बाळाची कातडी अजून कांद्याच्या पापुद्र्यासारखी.

"अगं, ही म्हाताऱ्या मेंढराची न्हवं," मामंजी म्हणाले. "कोकराची पहिली लोकर हाय. ती बी पाऊसकाळ सरल्यावर, कोकरं नदीत धुऊन कातरल्याली. आदी गळ्याला लावून बघ, मग भांड."

लावली. खरंच मऊ. तरी झबलं घालूनच गुंडाळलं. तासाभरानं उघडून बघितलं, तर अंगावर एक लाल ठिपका नाही. बाळ गाढ झोपलेलं. माझा जीव भांड्यात पडला.

मामंजी तेवढा वेळ पाळण्यापाशी उभेच होते. आता खुर्चीत टेकले.

"मला बी भ्या वाटत हुतं गं," म्हणाले. "एवढ्या वर्सांत ती बी माझ्यासारखी राठ झाली असंल म्हणून."