हरणाबाईंची झील

येरमाळ्यात हायवेला माझं मोबाईलचं दुकान आहे. लोकांच्या फोनात गाणी भरून देतो. एका बाईचा आवाज मात्र मी कायमचा पुसून टाकला, आणि ते आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

हरणाबाई मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. देवीची गाणी म्हणणाऱ्या आराधी मेळ्यात धुरपदाबाई पुढं गायच्या आणि हरणाबाई मागं झील धरायच्या, म्हणजे ओळीचा शेवट उचलून परत म्हणायच्या. चाळीस वर्षं हेच. नाव व्हायचं ते धुरपदाबाईंचं. कुणी पुढं गायचा आग्रह केला, तर हरणाबाई हसून म्हणायच्या, "म्या पुढं आल्यावर धुरपदानं दम कधी खायचा?"

दोन वर्षांपूर्वी मी त्यांची गाणी रेकॉर्ड केली. दोघींना दोन माइक दिले. डाव्या बाजूला धुरपदाबाई, उजव्या बाजूला हरणाबाई. मोठ्या ऐटीत केलं सगळं. दोन तासांच्या फायली सव्वा जीबीच्या झाल्या. गिऱ्हाईक तर विचारतं, कार्डात गाणी किती बसतील? म्हणून एमपीथ्री केल्या. एकशेवीस एमबीवर आल्या, तरी माझं समाधान होईना. साध्या फोनला स्पीकर एकच, मग दोन बाजू कशाला? डावी ठेवली, उजवी काढली. मूळ फायलीही उडवल्या, कारण लॅपटॉप भरला होता. एक गाणं लावून बघितलं. झील विहिरीच्या तळातून आल्यासारखी, ऐकू आली न आली अशी. "चालतंय की," म्हणालो आणि कार्डं भरायला घेतली. आळस तर होताच, वर माजही.

गेल्या दिवाळीनंतर हरणाबाई वारल्या. महिन्याभरानं त्यांची लेक दैवशाला फोन घेऊन दुकानात आली.

"दादा, आईचा आवाज आसंल आसं एक तरी गाणं द्या. ह्यात नुसती धुरपदामावशीच हाय."

मी लॅपटॉप उघडून शोधल्याचं नाटक केलं. मग म्हणालो, "मशीन जुनं होतं गं. तिकडच्या माइकनं आवाज धरला नसंल."

"व्हय," ती म्हणाली. "आईबी तेच म्हनली. घरात समदे तुमच्यावर चिडले, तर म्हनली, भागवतला कायबी बोलू नगा, मशीन जुनं आसंल."

म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. त्यानंतरही यात्रेत दुकानात येऊन माझा चहा पिऊन गेल्या, आणि एका शब्दानं बोलल्या नाहीत. मला मान वर करवेना.

"मशीन चांगलं होतं," मी म्हणालो. "म्याच काढला त्यांचा आवाज. फाईल लहान व्हावी म्हणून."

वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं फोन पदरानं पुसला.

"किती जागा वाचली, दादा?"

साठ एमबी. आकडा मला तोंडपाठ होता.