घासलेल्या आयसींचे मावसाजी

वर्धा जिल्ह्यात माणसांपेक्षा जुन्या आयसींशी ज्यांची जास्त ओळख आहे असे एकच गृहस्थ आहेत, आणि ते माझे मावसाजी, म्हणजे मावशीचे यजमान. आयसी म्हणजे कॉम्प्युटरच्या बोर्डावरचे ते काळे, गोमेसारखे बहुपायी तुकडे. लग्नाला गेले तरी मावसाजी नवरदेवाकडे पाहत नाहीत. डीजेच्या अ‍ॅम्प्लिफायरचं झाकण उघडं आहे का ते पाहतात. समुद्रपूरच्या एसटीत शेजारचा माणूस जसा "कोन्या गावचे? कोनाचे?" करत तुमचं अख्खं खानदान काढतो, तशीच ते नंबर उडालेल्या आयसीची चौकशी करतात: शेजारी कोण बसलंय, कुठला पाय कुठं गेलाय. मग जाहीर करतात, "ही मेमरीच्या घरातली हाय."

परवा आमच्या पर्यावरण संघटनेनं पिपरी मेघेच्या चौकात ई-कचरा गोळा करायला मंडप टाकला. मी माइकवरून कंपन्यांचे वाभाडे काढत होते आणि लोक माझ्या मागे बघून हसत होते. मागे मावसाजी ढिगात कमरेपर्यंत शिरलेले! बोर्ड तिरपा धरायचा, तोंडाची वाफ सोडायची, पुसट आकडे वाचायचे.

"मावसाजी, हा सार्वजनिक कचरा आहे!"

"मंग मी काय खासगी माणूस हाव का वं?"

ही सगळी धडपड घरातल्या एका बोर्डासाठी. पूर्वी त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. पडद्यावर मराठी अक्षरं उमटवणारा बोर्ड त्यांनी स्वतः जोडला होता, आणि अक्षरं मावशीची. आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन भरत तिनं सगळी वर्णमाला रेखली होती. मावशी गेली, आणि पाठोपाठ बोर्डही बंद पडला. अक्षरं साठवलेली आयसी शाबूत होती. तिच्या बाजूची उडाली होती. बदलायची तर नंबर हवा, आणि तिची पाठ घासून गुळगुळीत केलेली.

हे ऐकून मी पेटलेच. "नंबर पुसणं म्हणजे सरळसरळ लोकांचा दुरुस्तीचा हक्क मारणं! कोणत्या कंपनीचं काम हे? पत्रकच काढते!"

"काढ. तुह्या मावशीच्या नावानं काढ," मावसाजी म्हणाले. "नागपूरवाले नक्कल मारतीन म्हणून तिनंच घासले, पॉलिश पेपरनं. तवा सारेच घासत. मी म्हटलं, उद्या दुरुस्तीले नंबर लागन. तं म्हणे, मले पाठ हायेत सारे, मी काय कुठं चालली का?"

पत्रक तिथंच राहिलं.

त्या ढिगातच त्यांना कारंजाच्या कुठल्याशा ढाब्यावरच्या बिलाच्या मशीनचा बोर्ड मिळाला. त्यावर अक्षरांच्या आयसीसारखीच मेमरी, तिच्या शेजारी तितक्याच पायांची आयसी, आणि दोघींचे पाय अगदी तसेच जोडलेले. ती काढून घरी आणून त्यांनी आपल्या बोर्डावर बसवली. पडदा उजळला. मावसाजींनी कळ दाबली. क उमटला. मग ख, मग ग. गोलसर, पोटात मोठी, जराशी डावीकडे कललेली अक्षरं.

"काहीतरी लिहा ना, मावसाजी."

"लिवाचं काय हाय त्याच्यात? पाहू दे मले."

सगळी वर्णमाला संपून जाईल अशी भीती असल्यासारखे ते एका कळेवरून दुसऱ्या कळेवर फार सावकाश जात होते.