बसवंतरावांचे पंचवीस डायमंड

बसवंतराव गुरांना बांधायची दावी विकतात. दावी, कासरे, मुसक्या, सगळं गाठोड्यात बांधून दर बाजारी पाथरीहून एसटीने सोनपेठला येतात आणि सांजच्याला रिकाम्या घरी परततात. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा मल्लेश दोन वर्षांपूर्वी गेला. तो आपल्या पायांनी गेला, एवढाच काय तो फरक.

कारण मोबाईलवरचा गेम. पोराने गल्ल्यातले अकराशे रुपये उचलले आणि त्याचे डायमंड घेतले. डायमंड म्हणजे गेमच्या दुकानातलं चलन. त्यावर बंदुका मिळतात, कपडे मिळतात, हातात मात्र काहीच येत नाही. बसवंतरावांनी एकोणीस वर्षांच्या घोड्याला भर बाजारात कानाखाली वाजवली. पोरगा दुसऱ्याच दिवशी चाकणला कंपनीत गेला आणि नंबर बदलून मोकळा झाला.

चूक दोघांची होती. पस्तावा मात्र म्हाताऱ्याच्या एकट्याच्या वाट्याला आला.

यंदा पोळ्याच्या बाजारात दावी हातोहात खपली. खिसा गरम झाला, पण घरी जाऊन सांगायचं कुणाला? बसवंतराव हरिओमच्या मोबाईलच्या दुकानासमोर जाऊन उभे राहिले. मल्लेश डायमंड इथूनच घ्यायचा. त्याच्या गेमच्या खात्याचा नंबर हरिओमकडे अजून होता.

"त्या नंबरावर पैशे टाकता येतेत का?"

"पैशे न्हाई मामा, डायमंड जातेत."

"मग ते धाड."

हरिओमने नंबर घातला. खातं बरोबर आहे ना, हे कळावं म्हणून आधी खेळणाऱ्याचं नाव दिसतं. दिसलं: मल्लेश पाथरीकर. बसवंतराव त्या नावाकडे बघतच राहिले.

"कुणी धाडले ते कळंल का त्याला?"

"न्हाई. नुसते जमा झालेले दिसतेत."

तेव्हापासून दर बाजारी वीस रुपये आणि पंचवीस डायमंड. ज्या खुळापायी पोरगं गमावलं, तेच खूळ आता स्वतः विकत घेत होते. हरिओमला हसू यायचं. वीस रुपये डायमंडचे नसून ते नाव बघायचे आहेत, हे त्या बापड्याला कुठून कळणार? नाव दिसलं की बसवंतरावांना वाटायचं, पोरगं आहे, आपल्यापासून फार लांब नाही. तेवढ्यावर आठवडा निघायचा.

असे चार महिने गेले. येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येच्या, आधीच्या बाजारी हरिओमने नंबर घातला आणि तो थबकला.

"मामा, नाव बदललंय."

बसवंतराव पुढे वाकले. "खातं दुसऱ्याचं झालं का काय?"

"न्हाई, खातं त्येच हाय. आता लिवलंय, 'आप्पा नका पाठवू'."

"परत वाच."

हरिओमने परत वाचलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "नाव बदलायला चारशे डायमंड लागतेत, मामा. तुमी आजवर धाडले तेवढेच झाले की. समदे ह्याच्यातच घातले त्यानं."

म्हणजे दर बाजारच्या दिवशी पंचवीस कोण धाडतंय, हे पोराला पहिल्यापासून ठाऊक होतं. दोन वर्षांत त्यांना आप्पा म्हणून कुणी हाक मारली नव्हती. ती आज ऐकली, तीही हरिओमच्या तोंडून, आणि तिच्या पुढे लगेच नकार. बसवंतरावांचे डोळे भरून आले आणि रागही आला. त्यांना ते दोन्ही लपवता आलं नाही.

"आजचे धाडू का?" हरिओमने विचारलं.

वीसची नोट हातातच होती. धाडले तर पुढच्या बाजारी पुन्हा नाव बघता येईल. न धाडले तर या दुकानात यायचं कारणच उरत नाही, आणि पोरगं कुठे आहे, आहे की नाही, हे सांगणारं जगात दुसरं काही नाही.

"नको," ते म्हणाले. "त्यो नको म्हणायलाय."

दोन वर्षांत पोराने बापाकडे एवढंच मागितलं होतं. पुढच्या बाजारी बसवंतरावांनी दावी विकली, गाठोडं बांधलं आणि हरिओमच्या गल्लीकडे न बघता ते एसटीत जाऊन बसले.